नखांवर भुतं काढू द्या, फक्त जेलचं किट घरी आणू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र आलं होतं, की पोरी आता नखांवर कवट्या, भुतं, कोळ्याची जाळी काढून फिरायल्यात, हे हॅलोवीनचं परदेशी खूळ आहे आणि दिवाळीच्या दिवसांत असलं अभद्र घरात नको. काका वयानं मोठे आहेत, त्यांचा मान ठेवूनच लिहिते. पण मी सोलापूरच्या साखर पेठेत राहते, घरीच मेहंदी आणि नेल आर्टचं काम करते, ऑक्टोबर लागला की गल्लीतल्या पोरी माझ्याच ओट्यावर येऊन बसतात, त्यामुळं या विषयावर मला बोलायलाच पाहिजे. काका ज्याला घाबरायलेत ते घाबरण्यासारखं नाहीच, आणि ज्याला खरंच घाबरायला पाहिजे ते, म्हणजे घरी लावायचं जेल नेलपेंटचं किट, त्यांच्या पत्रात कुठं आलंच नाही.

आधी परदेशीपणाचं बोलते. हॅलोवीन 31 ऑक्टोबरला असतो, दुसऱ्या दिवशी 1 नोव्हेंबरला ख्रिश्चनांचा सगळ्या संतांचा दिवस, त्याची ही आदली रात्र. त्याच्याही मागं जुन्या आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या लोकांचा सुगी संपून थंडी सुरू व्हायचा सण होता, त्या रात्री मेलेली माणसं फिरतात असा समज, म्हणून दिवे लावायचे, सोंगं घ्यायची. आयर्लंडमधे आधी सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे, तिथले लोक अमेरिकेत गेले तिथं भोपळा मुबलक, मग भोपळा आला. आता आपल्याकडं बघा. भाद्रपदात सर्वपित्री अमावस्येला आपण पितरांना जेवू घालतो, धनत्रयोदशीला यमाच्या नावानं दक्षिणेकडं तोंड करून दिवा ठेवतो, नरक चतुर्दशीला अंधारात उठून उटणं लावून अंघोळ आणि पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडायचं, ते कारीट म्हणजे नरकासुरच की. अंधार वाढायच्या दिवसांत मेलेल्यांची आठवण काढायची, राक्षसाला चेचायचं आणि दिवा लावायचा, हे आपल्याकडं पहिल्यापासून आहे. 2024 साली तर नरक चतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी आले होते, 31 ऑक्टोबरला. सकाळी कारीट फोडलेल्या पोरी संध्याकाळी नखांवर भोपळा काढून घेत होत्या आणि कुणाच्याच घरात काही बिघडलं नाही.

आणि भुतं म्हणाल तर आपल्याकडं कमी आहेत का. मी पोरींना दरवर्षी म्हणते भोपळा काढा, चेटकिणीची टोपी काढा, हौस आहे तर करा, पण एका तरी नखावर आपलं भूत येऊ द्या. पिंपळावरचा मुंजा काढायला इतका सोपा आहे, नख थोडं लांब आणि टोकाला निमुळतं असलं की त्यावर हिरवं पिंपळपान बसतं, पानाचं शेपूट बरोब्बर नखाच्या टोकाला येतं, मधली शीर बारीक रेघेनं ओढायची आणि पानाच्या आडून डोकावणारे दोन पांढरे डोळे, बस्स. हडळ काढायची तर चेहरा काढायची गरजच नाही, काळ्या नखावर दोन छोटी पांढरी पावलं आणि ती उलटी, बघणाऱ्याला कळतं. वाट चुकवणारा चकवा म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांची वाट जी फिरून तिथंच येते. लिंबू-मिरचीला तर काहीच लागत नाही, एक पिवळा ठिपका आणि खाली हिरव्या रेघा.

माझी सगळ्यात आवडती वेताळाची पालखी. पाचही नखं काळी करायची, आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकाच उंचीवर मशालींची रांग, आधी नारिंगी ठिपका, तो ओला असतानाच त्याच्या पोटात पिवळा छोटा ठिपका, आणि टूथपिकच्या टोकानं वरच्या बाजूला हलकं ओढायचं, ज्योत तयार होते. हात सरळ धरला की अमावस्येच्या रात्री माळावरून मशाली चालल्यात असं दिसतं. माणसं काढायची नाहीत, मशालीच ठेवायच्या. एक मात्र मी कटाक्षानं पाळते, आसरा, म्हसोबा ही लोकांची देवस्थानं आहेत, त्यांना कोंबडं-नारळ होतं, नैवेद्य होतो, ती मी नखावर काढत नाही आणि कुणी मागितलं तरी नाही म्हणते.

आता मुख्य मुद्दा. हे सगळं साध्या नेलपेंटनं होतं. काळा, पांढरा, नारिंगी, लाल, हिरवा, रंगाच्या आधी लावायचा एक बेसकोट, सगळ्यात वरून लावायचा एक टॉपकोट, आणि घरातल्या पिना-काड्या. नवी पेठेत किंवा मधल्या मारुतीकडं फिरलात तर हे सगळं एका फेरीत मिळतं. पण पोरी आता व्हिडिओ बघून ऑनलाइन जेलचं किट मागवायल्यात, छोटा लाइट, चार-पाच बाटल्या, स्वस्तात, आणि घरी बसून आपणच लावायल्यात. माझा जीव खालीवर होतो तो यानं.

फरक नीट समजून घ्या, कारण दुकानात दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात. साधा नेलपेंट वाळतो म्हणजे त्यातलं सॉल्व्हंट हवेत उडून जातं आणि मागं पातळ पापुद्रा राहतो. हा पापुद्रा बहुतेक नायट्रोसेल्युलोजचा असतो, आणि ते कापसाच्या आखूड तंतूंपासून किंवा लाकडाच्या लगद्यापासून बनवतात, म्हणजे आपल्या गिरण्यांच्या सोलापूरला कापसाचं हे एक रूप पण माहीत असायला पाहिजे. जेल तसं वाळतच नाही. ते अ‍ॅक्रिलेट जातीच्या रसायनांचं असतं आणि लाइटखाली धरल्यावर त्याची रिअ‍ॅक्शन होऊन ते घट्ट होतं. लाइट त्या जेलला जुळणारा नसला, कमी ताकदीचा असला, थर जाड झाला किंवा हात वाकडा राहिला तर वरून कडक दिसतं आणि आत कच्चं राहतं. ते कच्चं जेल नखाच्या कडेला कातडीला लागलं की अ‍ॅलर्जी बसू शकते. एका वेळेला होईलच असं नाही, वारंवार लागत राहिलं की एक दिवस शरीर ते ओळखायला लागतं, मग बोटांची टोकं लाल होतात, खाज, बारीक फोड, कातडी सोलते, नख खालून सुटतं, आणि तोच हात तोंडाला लागतो म्हणून पापण्यांवर, मानेवर पण पुरळ येतं.

बरं, ही अ‍ॅलर्जी एकदा बसली की साधारण जन्मभर राहते. त्याच घराण्यातली रसायनं दाताच्या फिलिंगमधे असतात, गुडघा-खुबा बदलायच्या ऑपरेशनला जे सिमेंट वापरतात त्यात असतात. म्हणजे सोळा वर्षाच्या पोरीनं हौसेनं लावलेलं जेल तिला साठाव्या वर्षी आडवं येऊ शकतं. 2018 साली ब्रिटनच्या त्वचारोग तज्ज्ञांच्या संघटनेनं घरी वापरायच्या अशा किटबद्दल लोकांना जाहीर सावध केलं होतं. युरोपात हेमा नावाचं यातलंच एक रसायन असलेलं नखांचं प्रॉडक्ट फक्त प्रोफेशनल लोकांनीच वापरायचं असा नियम आहे, आणि 1 सप्टेंबर 2025 पासून तिथं जेलमधलं टीपीओ नावाचं रसायन कॉस्मेटिकमधे वापरायलाच बंदी आली. आमच्या गल्लीतली एक पोर असंच किट वापरून बोटांची टोकं सोलून घेऊन माझ्याकडं आली, तिच्या आईला वाटत होतं भांडी घासायच्या पावडरीनं झालं, मी थेट स्किनच्या डॉक्टरकडं पाठवलं. त्या पोरीला भाकरी थापता येईना, गरम तव्याजवळ हात नेता येईना.

म्हणून साधा पेंट. आता तो घरी कसा करायचा तेवढं लिहिते, कारण काकांसारखे लोक नुसतं नको म्हणतात आणि पोरी मग चोरून नको ते करतात.

आधी जुना पेंट काढून नखं एकाच दिशेनं फाइल करा, करवतीसारखं पुढं-मागं नको, टोकं फाटतात. हात धुऊन कोरडे झाले की रिमूव्हरचा कापूस एकदा नखावरून फिरवा, तेलाचा अंश राहिला तर पेंट दुसऱ्या दिवशी पापुद्र्यासारखा निघतो, आणि सोलापूरच्या घरात शेंगाची चटणी कुटून झालेल्या हाताला तेल असतंच. मग बेसकोट, हा चुकवू नका, काळा आणि गडद लाल पेंट नुसत्या नखाला पिवळट डाग सोडतो आणि हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटरच वाढतं, अख्खं नख बदलायला सहाएक महिने जातात, तेवढे दिवस डाग बघत बसावं लागतं. नखाच्या भोवती कातडीला फेविकॉलचा पातळ हात मारून वाळू द्यायचा, रंग बाहेर गेला तरी शेवटी तो सालीसकट ओढून निघतो. बाटली हलवू नका, बुडबुडे येतात, दोन्ही तळव्यांत धरून फिरवा. काळ्याचे दोन पातळ हात द्या, एक जाड हात कधीच नको, जाड थर वरून वाळतो आणि आत मऊ राहतो, मग रात्री झोपताना चादरीची वीण नखावर उमटते. फॅन फुल्ल सोडून त्याखाली पण बसू नका, त्यानं पण बुडबुडे धरतात.

भूत करायला केसांच्या पिनेचं गोल डोकं पांढऱ्यात बुडवून नखाच्या मधोमध मोठा ठिपका द्या, लगेच टूथपिकनं खालच्या बाजूला दोन-तीन शेपट्या ओढा, एक लांब एक आखूड, सारख्या केल्या तर ते भूत न दिसता दात दिसतो. पूर्ण वाळल्यावर साडीच्या पिनेच्या टोकानं काळे डोळे. रक्ताचे ओघळ करायला नखाच्या मुळाशी लाल पट्टा आणि तिथून खाली कमी-जास्त लांबीच्या रेघा, प्रत्येक रेघेच्या टोकाला थोडा फुगीर थेंब, लाल जरा गडद घ्या, शेंदरी लाल घेतला तर कुंकू वाटतं. ममी सगळ्यात सोपी, काळ्यावर पांढऱ्या आडव्या-तिरक्या पट्ट्या, मधे फट ठेवून दोन डोळे.

कोळ्याच्या जाळ्यात सगळ्या अडकतात. पोरी मधोमध ठिपका देऊन चारी बाजूंना रेघा ओढतात आणि मग नख गिचमिड होतं. मधोमध नको, नखाच्या एका कोपऱ्यातून सुरू करा. त्या कोपऱ्यातून चार-पाच बारीक रेघा समोरच्या कडांपर्यंत पसरू द्या, मग दोन-दोन रेघांच्या मधे छोट्या कमानी जोडत जा, आणि कमानीचं पोट कोपऱ्याकडं झुकलेलं पाहिजे, बाहेर फुगलं तर ते फूल दिसतं, जाळं दिसत नाही. कोपऱ्याजवळच्या कमानी जवळजवळ, लांबच्या लांब लांब. ब्रश स्टेशनरीतला सगळ्यात बारीक घ्या, नाहीतर जुन्या नेलपेंटच्या ब्रशचे केस कापून चार-पाच ठेवा. पेंट घट्ट होऊन पाकासारखी तार धरायला लागला असेल तर त्याची रेघ येत नाही, त्यात रिमूव्हर ओतू नका, पेंट फाटतो, नेलपेंटचं थिनर मिळतं ते एक-दोन थेंब टाका. ज्यांचा उजवा हात डाव्यानं होत नाही त्यांनी जाळं किंवा मुंजा आधी प्लास्टिकच्या पिशवीवर काढायचा, वाळला की वरून टॉपकोटचा एक हात, तो पण पूर्ण वाळला की सावकाश सोलून, नखाच्या मापानं कापून चिकट असलेल्या पेंटवर बसवायचा. लहान बहिणीला ते आधीच करून ठेवायला सांगा, तिची पण हौस होते.

टॉपकोटला घाई केली की सगळी मेहनत जाते. डिझाइन वाळायला चांगला वेळ द्या आणि टॉपकोटचा थेंब भरपूर घेऊन ब्रश न दाबता वरून नुसता तरंगत न्या, ब्रशचे केस डिझाइनला लागले तर काळा पांढऱ्यात ओढला जातो आणि भूत करडं होतं.

धोक्याच्या गोष्टी साध्या पेंटमधे पण आहेत, त्या लपवत नाही. पेंट, रिमूव्हर, थिनर सगळं पेट घेणारं आहे, आणि आपल्याकडं हे दिवस पणत्यांचे आणि फुलबाज्यांचे. देवघरासमोर, गॅसजवळ, उदबत्तीजवळ बसून नेल आर्ट करायची नाही, ओल्या नखांनी फटाका पेटवायचा नाही, रिमूव्हरचा कापूस पणतीच्या कोनाड्यात टाकायचा नाही, खिडकी उघडी ठेवून बसायचं. दुसरं, चिकटवायच्या खोट्या नखांचा ग्लू. तो सुती कापडावर सांडला की एकदम तापतो, इतका की खालची कातडी भाजते. सोलापुरात घरोघरी सुती चादर, सुती टॉवेल, पोरी मांडीवर टॉवेल घेऊनच बसतात, म्हणून हे मोठ्या अक्षरात छापा अशी विनंती आहे. ग्लू सांडला तर कापड अंगापासून लगेच बाजूला करा आणि भाजलेल्या जागी गार पाणी सोडा. मी तर म्हणते खोटी नखं नकोतच, आणि मोती-खडे पण नकोत, आपण हातानं कालवून जेवणारी माणसं, पीठ मळताना खडा निघून कणकेत गेला तर कुणाच्या दाताखाली येईल.

बाटली घेताना मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स नंबर, बॅच नंबर आणि कधीपर्यंत वापरायचं ती तारीख बघा, ज्या बाटलीवर कंपनीचा पत्ताच नाही ती दहा रुपयांना मिळाली तरी घेऊ नका. बोट तोंडात घालणाऱ्या बारक्या पोरांना लावू नका, त्यांच्या हट्टासाठी हाताच्या पाठीवर पेनानं भूत काढून द्या. घरात कुणी दवाखान्यात अ‍ॅडमिट होणार असेल, बाळंतपण जवळ असेल तर काळा पेंट आधी काढून घ्या, बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावतात त्याचं रीडिंग गडद रंगानं चुकू शकतं आणि डॉक्टर नखांचा रंग पण बघतात.

आमच्या शेजारच्या आज्जी सगळी उमर विड्या वळत आल्या. तंबाखूनं आणि पानं कापून त्यांच्या बोटांची टोकं काळपट झालीत, नखं आखूड आणि झिजलेली. मागच्या दिवाळीत नातीनं त्यांच्या करंगळीवर एक पांढरं भूत काढलं, शेपटी जरा वाकडी झाली. आज्जी सूप मांडीवर घेऊन पान गुंडाळायच्या, तेंव्हा ती करंगळी मुद्दाम जरा वर धरायच्या, भूत घासू नये म्हणून. कारखान्यात माल द्यायला गेल्या तर तिथल्या बायांना दाखवून आल्या. काकांना माझं एवढंच म्हणणं आहे की याच्यात अभद्र काय आहे ते मला खरंच सापडत नाही. ज्या बाईच्या हातानं जन्मभर दुसऱ्याचा माल केला तिच्या हातावर एक दिवस तिच्या हौसेचं काहीतरी आलं. ब्यूटी पार्लरचा खर्च या भागातल्या किती घरांना झेपतो, आणि घरच्या घरी चार बाटल्यांत आज्जी, सून, नात सगळ्यांची नखं होतात.

शाळेचं म्हणाल तर शाळेत नेलपेंट चालत नाही, तो नियम बरोबरच आहे, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत करा आणि शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी काढा. काढताना खरवडू नका, रिमूव्हरचा कापूस नखावर मिनिटभर दाबून धरा आणि एकदाच ओढा, नंतर हात धुऊन खोबरेल तेल चोळा, रिमूव्हरनं नख आणि कातडी कोरडी पडते.

आता आपल्याकडं मागणं असं की महिलांच्या पुरवणीत दरवर्षी या दिवसांत पार्लरच्या जाहिराती आणि परदेशी मॉडेलच्या हातांचे फोटो येतात, त्याऐवजी एक अर्धं पान आपल्या वाचकांनी घरी काढलेल्या नखांना द्या. पूर्व भागातल्या, जुळे सोलापुरातल्या, होटगी रोडच्या, सगळीकडच्या पोरी फोटो पाठवतील, मुंजा पाठवतील, वेताळ पाठवतील, कुणी भोपळा पाठवला तर तो पण छापा. त्याच पानावर जेल किटबद्दल शहरातल्या एखाद्या त्वचारोग तज्ज्ञाकडून चार ओळी लिहून घ्या, माझ्यापेक्षा त्यांचं लोक ऐकतील. आणि ते पान दिवाळीच्या आधी येऊ द्या, किट मागवायच्या आधी पोरींच्या हातात पडलं पाहिजे. वेताळाची पालखी कशी काढायची ती चित्रं मी पायरी पायरीनं काढून द्यायला तयार आहे, त्याचे पैसे नकोत.

आपली नियमित वाचक,
साखर पेठ, सोलापूर